एकतीस मिनिटांची बाजू

रेवणप्पा कलशेट्टी यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एक मत झालं. उतारवयात मूल व्हावं तसंच ते झालं, म्हणजे घरच्यांना लाज, शेजाऱ्यांना करमणूक आणि खुद्द बापाला घाबरट आनंद.

तोवर त्यांना मत असं नव्हतंच. तीस वर्षं ते वाचनालयात ग्रंथपाल होते. वाचक दोन कादंबऱ्या पुढं धरून विचारायचे, “सर, यातली कुठली नेऊ?” रेवणप्पा दोन्ही पुस्तकं हातात तोलायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “दोन्ही वाचनीय आहेत.” एकदा एका बाईंनी चिडून वाचनीय पुस्तकाऐवजी टेलिफोनची यादी पुढं केली होती. “हिच्यातही माहिती पुष्कळ आहे,” असं रेवणप्पांच्या तोंडून निघून गेलं. निवडणुकीत मत देऊन आल्यावरसुद्धा दुसऱ्या उमेदवाराला काय वाटेल, या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण जात नसे.

अशा माणसाला मत झालं, आणि तेही इंग्रजी रॉक संगीताबद्दल.

याला कारण त्यांच्या पत्नी शांतम्मा. शांतम्मांना घरी कन्नड संतांच्या वचनांची रेकॉर्ड ऐकायची होती. म्हणून नवराबायको जुन्या बाजारात गेले आणि एक वापरलेला रेकॉर्ड प्लेअर व वचनांची एक रेकॉर्ड घेऊन टांग्यात बसले. विकणाऱ्यानं वर तीन इंग्रजी रेकॉर्डी फुकट दिल्या. त्या ठेवायला दुकानात जागा नव्हती. येताना शांतम्मा नेमक्या वचनांच्या रेकॉर्डवर बसल्या. हा विषय पुन्हा काढायचा नाही असं त्या घरात ठरलेलं आहे, तेव्हा आपणही तो इथंच सोडू. उरल्या तीन इंग्रजी.

घरी आल्यावर कळलं, की प्लेअर फिरत नाही. शेजारचे अंबय्या कोंडा हातात पान्हा घेऊनच आले. अंबय्या हे यंत्रमागांचे जॉबर. कारखान्यात माग बिघडला की तो चालता करणं हा त्यांचा धंदा. जगात जे जे फिरतं ते ते माग, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी प्लेअर उलटा केला, आतला झिजलेला रबरी पट्टा काढून मागाचा सुती नाडा बसवला, आणि तबकडी फिरू लागली. ती फिरताना बघून मात्र अंबय्यांच्या कपाळावर आठी पडली.

“मास्तर, ही मोटर लई पळतीय.”

“पळू नये का?”

“अय्यो! मागाला बी असंच असतंय. जोरात पळवला की धागा तुटतोय. ही सुई बघा केवढीशी हाय. जरा दाबतो मी.” असं म्हणून अंबय्यांनी सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनचा एक तुकडा तासून आत कुठंतरी ठोकला. तबकडी शहाण्यासारखी संथ फिरू लागली. “आता कसं! दहा वर्षं बगायला नको.”

रेवणप्पांनी आभार मानले. दुरुस्त करणाऱ्याला उलट प्रश्न विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तर त्या तीन रेकॉर्डी. पहिलीच्या पाकिटावर नुसतं विमान होतं. दुसरीवर हिरवा रंग आणि एक पेरू, किंवा पेरूसारखं काहीतरी. तिसरीवर ज्वारीच्या रानासारख्या रानात उभी असलेली चार दाढीजटावाली मंडळी होती, आणि नाव होतं ‘आयर्न बफेलो’.

“एन्री,” शांतम्मा नवऱ्याला कन्नडमध्ये हाक मारत आणि पुढचं मराठीत बोलत, “हे कुठल्या मठाचे हो?”

“गाणारे आहेत.”

“लावा की मग.”

रेवणप्पांनी सुई ठेवली. आतून एक ठोका आला. मग बराच वेळ काही आलं नाही. मग दुसरा ठोका आला. त्यानंतर जमिनीखालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि गाऊ लागला.

“अय्यो शिवा, हा माणूस आजारी आहे काय?” असं म्हणून शांतम्मा भाजी निवडायला निघून गेल्या. रेवणप्पा मात्र हलले नाहीत. त्यांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याइतकं सावकाश बोलणारं कुणीतरी भेटलं.

विमानाची आणि पेरूची रेकॉर्ड त्यांनी ऐकली, पण जीव जडला तो बफेलोवर. ते रोज कामावर जाण्याआधी एक बाजू ऐकत. पाकिटावर पहिल्या बाजूचा वेळ एकवीस मिनिटं छापला होता. रेवणप्पांनी घड्याळ लावून पाहिलं तर एकतीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा एकतीस. त्यांचा ऊर भरून आला. आपल्याकडचा दुकानदार मापात मारतो, आणि हे परके लोक कबूल केल्यापेक्षा दहा मिनिटं वर घालतात आणि त्याचा गाजावाजाही करत नाहीत!

मग वाचनालयातल्या एका बाद वहीत ते टिपणं करू लागले. ‘विमान : वाद्यं चांगली, पण मंडळींचं आपसात पटत नसावं. पेरू : एकदा ऐकायला हरकत नाही, दुसऱ्यांदा आहे. बफेलो : ढोलवाला एक ठोका मारतो, त्यावर विचार करतो, आणि पटला तरच दुसरा मारतो. गायक सत्तरीचा असावा. पाकिटावरचे तरुण बहुधा त्याचे नातू.’ सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत काचेखाली गोळी उडवायचं एक खेळाचं यंत्र आलं होतं, त्याच्यावरही त्यांनी अर्धं पान लिहिलं. त्याचं सार इतकंच, की गोळी नेहमी खालच्या भोकातच जाणार असेल तर मधल्या घंटा कशासाठी?

ही वही वाचनालयाचे कार्यवाह मल्लप्पा उपासे वकील यांना टेबलावर सापडली. वकिलांना दुसऱ्याचं कागदपत्र वाचायची सवयच होती. त्यांनी बफेलोची पानं परस्पर गावातल्या एका दैनिकाला नेऊन दिली, आणि रविवारी पान चारवर लेख आला : ‘आयर्न बफेलो – एक संथ चिंतन. ले. रे. कलशेट्टी’.

रेवणप्पांनी तो अंक आधी लपवला. मग बाहेर काढला. मग आणखी चार अंक विकत आणले.

त्यानंतरचे दिवस त्यांना जमिनीपासून चार बोटं वरून गेल्यासारखे वाटले. पानवाला म्हणाला, “काय सर, लेख हाणला म्हणं!” दोन प्राध्यापकांनी नमस्कार केला. सगळ्यात कहर म्हणजे शांतम्मांनी आमटीची पळी पुढं करून विचारलं, “मीठ बघा की हो. तुम्हाला कळतंय म्हणे.” तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. रेवणप्पांनी आमटी जिभेवर घोळवली आणि म्हणाले, “किंचित कमी.” शांतम्मांनी खरोखरच मीठ घातलं! त्या दिवशी आमटी खारट झाली आणि दोघांनीही ती मुकाट्यानं खाल्ली. मताला मान मिळतो म्हणजे काय, हे रेवणप्पांना कळलं. आता ते हातचं जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण उपासे वकिलांनी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर कार्यक्रमच ठरवला. रेवणप्पांनी बोलायचं आणि रेकॉर्ड ऐकवायची. चारचौघांत ‘हजर’ म्हणायलासुद्धा ज्यांचा घसा कोरडा पडे, त्यांनी दीडशे लोकांपुढं मत मांडायचं! त्यांनी नाही म्हणून पाहिलं, पण त्यांचं नाही हे नेहमी इतक्या विचारपूर्वक यायचं, की ते येईपर्यंत हँडबिलं छापून झाली होती.

ते शहात्तर साल होतं, आणीबाणीचे दिवस. चार माणसं एका जागी बसणार असतील तर कुणाला तरी विचारावं लागे. पोलीस ठाण्यात परवान्याच्या टेबलावर बिरप्पा जमादार म्हणून मिशाळ गृहस्थ बसत. मनानं चांगले, पण कागदापुढं ते सख्ख्या भावालाही ओळखत नसत.

“भाषाण हाय का गाणं हाय?” जमादारांनी विचारलं.

“भाषण आहे. मध्ये गाणं आहे.”

“भाषणाचा अर्ज येगळा, गाण्याचा येगळा. भाषणात गाणं घालायचा अर्ज न्हाय.”

“मग काय करू?”

“आदी भाषाण बंद करा, मग गाणं लावा. दोन अर्ज.”

रेवणप्पा दोन अर्ज घेऊन दुसऱ्यांदा गेले. जमादारांनी गाण्याचा अर्ज उजेडाकडं धरला. “इंग्रजी हाय व्हय? मग मराठी भाषांतर लागंल. तीन प्रती.”

गाण्यांचे शब्द पाकिटाच्या मागं छापलेले होते. रेवणप्पा तीन दिवस शब्दकोश घेऊन बसले. शब्दकोशाला ते गाणं मानवत नव्हतं, पण रेवणप्पांनी नेटानं मजकूर सिद्ध केला : ‘हे स्त्रिये, माझी मोटार चालू होत नाही. आभाळ पेटले आहे. हो, हो, हो. मला सोमवारपर्यंत धर.’

जमादारांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग बोट एका ठिकाणी थांबलं.

“आभाळ पेटलंय? कुटं?”

“कुठं नाही. ते आपलं कवीला वाटलं.”

“मास्तर, अफवा पसरवायला बंदी हाय. उद्या लोकं बादल्या घिऊन रस्त्यावर आली म्हंजी?”

बऱ्याच चर्चेनंतर ‘आभाळ तापले आहे’ असं ठरलं. “हां,” जमादार समाधानानं म्हणाले, “तापलंयच की. सोलापूर हाय हे. ही खरी बातमी हाय.” मग त्यांनी पुढचा रकाना दाखवला. “गाण्याचं स्वरूप. हितं बी ल्याहा.”

रेवणप्पांनी जरासुद्धा न अडखळता लिहिलं : ‘संथ व गंभीर’. या एका गोष्टीबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती.

दरम्यान आळीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, कोट घाला. कुणी म्हणालं, कोट घालू नका, घाम येतो आणि माणूस खोटं बोलतोय असं दिसतं. अंबय्या म्हणाले, “मास्तर, घाबरू नका. मी धा-बारा माणसं आणतो कारखान्यातली. तुमी हात वर केला की टाळ्या.” शांतम्मांनी भजनी मंडळाच्या बायकांना आवतण देऊन ठेवलं होतं. साधूंचा कार्यक्रम आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत भजनी मंडळ, मागं अंबय्यांचे कारखान्यातले लोक, खिडकीपाशी तिन्ही प्रती घेतलेले बिरप्पा जमादार. रेवणप्पा आपला प्लेअर कापडात बांधून घेऊन आले, तर व्यासपीठावर आधीच एक चकचकीत यंत्र मांडलेलं. शेजारी इंग्रजीचे प्राध्यापक जहागीरदार उभे. वर्षातून दोनदा ते मुंबईला जात आणि उरलेले महिने त्याबद्दल बोलत.

“कलशेट्टी, त्या डब्यावर काय वाजवता?” प्राध्यापक म्हणाले. “हे जपानी आहे. ऐका तरी.”

उपासे वकील म्हणाले, “प्राध्यापकांनी मुद्दाम आणलंय. नाही म्हणणं बरं दिसत नाही.” आणि रेवणप्पांचं नाही पुन्हा वाटेतच राहिलं. प्लेअर कापडासकट टेबलाखाली गेला.

भाषण मात्र बरं झालं.  ढोलवाल्याच्या विचारी स्वभावाबद्दल रेवणप्पा बोलले, दहा मिनिटं वर घालणाऱ्या दानशूर कंपनीबद्दल बोलले. त्या वेळी प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या, पण रेवणप्पांना ते कौतुक वाटलं. शेवटी ते म्हणाले, “आता आपण एका वृद्ध गायकाचा आवाज ऐकणार आहोत. या आवाजाला कसलीही घाई नाही. कृपया शांतता राखावी.”

जमादारांच्या सोयीसाठी भाषण रीतसर बंद झाल्याचं वकिलांनी जाहीर केलं. प्राध्यापकांनी सुई ठेवली.

म्हैस दावं तोडून भरल्या मंडईत शिरावी तसा तो आवाज सभागृहात शिरला. ढोलवाला मागं वाघ लागल्यासारखा बडवत होता. सत्तरीचा गायक विशीत आला होता आणि त्याला कुणीतरी चिमटे काढत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा हात आपोआप पदराकडं गेला. शांतम्मा मोठ्यानं म्हणाल्या, “एन्री! हे कोण आलं?”

रेवणप्पा गोठून उभे राहिले. त्यांना वाटलं, रेकॉर्ड बदलली. त्यांनी वाकून पाहिलं. नाव तेच होतं.

तेवढ्यात मागून अंबय्या उठून ओरडले, “मास्तर, मशीन लई पळतीय! दाबा तिला! धागा तुटंल!”

आणि रेवणप्पांच्या डोक्यात उजेड पडला. नको होता तेवढा पडला. बॉबिनचा तुकडा, संथ तबकडी, वर घातलेली दहा मिनिटं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. कंपनी दानशूर नव्हती. ढोलवाला विचारी नव्हता. म्हातारा तर मुळी जन्मालाच आला नव्हता.

प्राध्यापक जहागीरदार पोट धरून हसत होते. “अहो कलशेट्टी, ही नाचायची गाणी आहेत! तुम्ही काय चिंतन करत होता?” हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. अंबय्यांच्या माणसांना वाटलं खूण झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उपासे वकिलांनी घाईनं सुई उचलून ठेवली. तबकडी तशीच गरगरत राहिली. सगळे रेवणप्पांकडं बघू लागले.

“माझं चुकलं,” रेवणप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की पहिल्या रांगेनं तो दुसऱ्या रांगेला सांगितला. “माझ्या घरचं मशीन सावकाश फिरतं. मला माहीत नव्हतं. लेखात जे लिहिलं, ते या मंडळींबद्दल खरं नाही.”

इथं खाली बसायचं होतं. खुर्ची मागं होती, गुडघे तयार होते. शांतम्माही उठून त्यांची छत्री शोधू लागल्या होत्या. पण त्यांच्या तोंडून आणखी एक शब्द निघाला. तो कुठून आला हे त्यांना पुढंही कधी कळलं नाही.

“पण,” ते म्हणाले, “हे मला आवडलं नाही.”

प्राध्यापकांनी हसू आवरून कान पुढं केला.

“म्हणजे वाईट आहे असं नाही,” जुनी सवय धावत आली, “तेही आपल्या परीनं, म्हणजे दोन्ही...” त्यांनी त्या चकचकीत यंत्राकडं पाहिलं. ते निर्लज्जासारखं गरगरत होतं. “नाही. वाईटच आहे. काहीसुद्धा ऐकू येत नाही. माझं चांगलं आहे.”

आणि त्यांनी स्वतः सुई ठेवली, उजव्या हाताची तर्जनी तबकडीच्या मधल्या गोल कागदावर टेकवली आणि दाबली.

ढोलवाल्यानं दम घेतला. गायक वीसवरून तीसवर, तीसवरून पन्नासवर आला, आणि बघता बघता म्हातारा भुयारातून वर येऊन कण्हू लागला.

“अहो, बोट काढा!” प्राध्यापक धावले. “जपानी आहे ते! असं कुठं ऐकतात का? हे नियमबाह्य आहे!”

नियम हा शब्द ऐकताच बिरप्पा जमादार उठले. व्यासपीठावर आले. त्यांनी अर्ज उलगडला, चष्मा लावला आणि दीडशे लोकांसमोर वाचलं : “‘गाण्याचं स्वरूप : संथ व गंभीर.’ परवानगी हिची हाय. मगाशी जे वाजलं त्येला परवानगी न्हाय.” ते प्राध्यापकांकडं वळले. “तुमचं नाव काय? ते पळतं गाणं कुणी लावलं हुतं?”

प्राध्यापक खुर्चीत बसले. अगदी संथ आणि गंभीर बसले.

“मास्तर,” जमादार म्हणाले, “बोट काढायचं न्हाय. कागूद संपस्तवर.”

रेवणप्पांनी बोट काढलं नाही. पहिली दहा मिनिटं लोक चुळबुळले. मग भजनी मंडळातल्या एका आजीबाईंची मान हलू लागली. त्यांनी कमरेची पानाची चंची सोडली आणि डोळे मिटले. कारखान्यातली माणसं दिवसभर खडखडाटात उभी राहून आली होती. ती पाय पसरून ऐकू लागली. “हे बरं हाय की बे,” त्यांच्यातला एक म्हणाला, “जेवन करून पडल्यावानी वाटतंय.” आभाळ तापल्याच्या ओळीला जमादारांनी प्रत तपासली आणि मान डोलावली. तीन हो बरोबर निघाले. रेवणप्पांचं बोट भाजत होतं. तिसऱ्या गाण्यात हात बदलताना वेग क्षणभर सुटला, आणि म्हातारा दचकून पुन्हा सावरला, तेव्हा लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. शांतम्मा छत्री मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणत होत्या, “आजारी नाही हो. त्याचा आवाजच तसा आहे.”

वकिलांच्या घड्याळात एकतीस मिनिटं भरली.

पुढच्या रविवारी सकाळी रेवणप्पा बोटाला फडकं गुंडाळून पेपर वाचत होते, तेव्हा दारात प्राध्यापक जहागीरदार दिसले. त्यांनी आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं, मग आत आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं.

“सहज आलो होतो इकडं,” ते म्हणाले. “म्हटलं, या दोन रेकॉर्डी आहेत माझ्या. तुमच्या मशीनवर कशा लागतात ते... म्हणजे शास्त्रीय कुतूहल.”

“बसा,” रेवणप्पा म्हणाले.

शांतम्मांनी चहा टाकला. अंबय्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, मशीन नीट हाय न्हवं, आणि रेवणप्पांनी नीट आहे म्हणून सांगितलं. पहिली रेकॉर्ड लागली. प्राध्यापक पुढं वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून रेवणप्पांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. पुण्यामुंबईच्या लोकांनी त्या रेकॉर्डीची फार स्तुती केली होती, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

रेवणप्पांनी अर्धं गाणं ऐकलं. मग सावकाश हात पुढं केला आणि सुई उचलली.

“टाकाऊ आहे,” ते म्हणाले. “दुसरी लावा.”